टोपड्यावरचे मोती आधी काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत हातानं विणलेल्या बाळंतविड्यावर अर्धं पान आलं. क्रोशाची कुणी एवढी दखल घेतली म्हणून बरं वाटलं. फोटो बघितला आणि हातातला चहा तसाच गार झाला. बाळाच्या डोक्यावर पिसासारख्या केसाळ लोकरीचं टोपडं, त्यावर ओळीनं पाच मोती, हनुवटीखाली सॅटिनच्या रिबिनीची गाठ. दुपारपर्यंत मला तीन फोन. “काकू, पेपरात आलंय अगदी तसंच पाहिजे, गुरुवारी बारसं आहे.” तिघींनाही नाही म्हणाले. एक चिडली. फोनवर तिला धड सांगता आलं नाही, ते इथं लिहिते.

मी मंगळवार पेठेत राहते. अठ्ठावीस वर्षं फॉल-पिको केलं. गुडघ्यांनी पायमशीनला नकार दिला, तेव्हापासून नुसता क्रोशा. तो शिकवला सासूबाईंनी. त्यांच्या हातात कायम २० नंबरचा पांढरा दोरा आणि बारीक पोलादी सुई. दाराला तोरण, टीव्हीवर रुमाल, ताटावर रुमाल, तांब्यावर मणी लावलेली जाळी. घरात झाकायचं काही उरलं नाही, तेव्हा नातवंडं आली आणि मी टोपड्या-मोज्यांकडे वळले.

थोरला नातू महिन्याचा असतानाची गोष्ट. संध्याकाळी रडायला लागला तो थांबेना. पोट फुगलं असेल म्हणून शेकलं, ओव्याची पुरचुंडी झाली, दृष्ट काढून झाली. तास गेला. शेजारच्या वहिनी आल्या, त्यांनी मुलाला मांडीवर घेतलं आणि काहीएक न बोलता अंगावरचं सगळं उतरवायला सुरुवात केली. डाव्या पायातला मोजा काढला तर अंगठ्याशेजारच्या बोटाला धाग्याचे दोन वेढे. मोजा मीच विणलेला. रंग बदलताना आतल्या बाजूला धागा लोंबता सोडला होता. बाहेरून मोजा इतका देखणा की दोन बायकांनी नमुना मागून नेला होता. बोट लालभडक होऊन सुजलं होतं. भुवयांच्या कात्रीनं धागा कापला, डॉक्टरांना दाखवलं, बोट सुखरूप राहिलं. डॉक्टर एवढंच म्हणाले, “वेळेत बघितलंत. केसानंसुद्धा असं होतं.”

त्या दिवसापासून मी विणलेली प्रत्येक वस्तू उलटी करून, बोटं आत घालून तपासते. शेवटचा धागा चांगला वीतभर ठेवायचा, बोथट सुईनं एकदा पुढं, एकदा मागं, पुन्हा पुढं असा टाक्यांत ओवायचा आणि मगच कापायचा. मोज्यात आणि हातमोज्यात जाळीची वीण नाही म्हणजे नाही. भोकात बोट अडकतं. मोती नाही, कारण दोऱ्यातून सुटलेला मोती बाळाच्या तोंडातच जातो. गळ्याशी नाडी नाही. केसाळ लोकर नाही, तिचे तंतू ओल्या ओठांना चिकटतात. फुलं लावायची हौस असेल तर क्रोशाचंच सपाट फूल विणून चारी बाजूंनी टाचावं. आणि घरात झोपवताना टोपडं काढून ठेवावं. बाळाच्या अंगातली जादा ऊब डोक्यावाटे बाहेर पडते, असं डॉक्टर सांगतात. यावर आमच्या पिढीच्या बायका माझ्याशी भांडतात. भांडोत.

आता धाग्याचं. आपल्याकडे सुती सोडून सगळ्याला लोकरच म्हणतात. दुकानात ‘बेबी लोकर’ मागितली की मऊ, गुलाबी-आकाशी गुंडे समोर येतात. त्यांवरची पट्टी वाचा. बहुतेकांवर शंभर टक्के अ‍ॅक्रिलिक असतं, म्हणजे मेंढीचा त्याच्याशी काही संबंध नाही, ते एक प्रकारचं प्लास्टिकच. मला हे पट्टी वाचून नाही कळलं, शेगडीवर कळलं. श्रावणातली झड, आठ दिवस ऊन नाही. बाळंतिणीच्या खोलीत ओवा-बाळंतशेपाची धुरी चालू होती. पूर्वीसारखी शेगडीवर दुरडी पालथी घालून बाळाचे कपडे टाकले. सुती झबली मस्त वाळली. टोपडं एका कडेला आकसलं, कडक झालं आणि चकाकायला लागलं, तव्याला टेकलेल्या प्लास्टिकच्या चमच्यासारखं. इस्त्रीनंही तसंच होतं.

म्हणून काय, अ‍ॅक्रिलिक टाकाऊ नाही. धुवायला सोपं, पावसाळ्यातसुद्धा लवकर वाळतं, स्वस्त, रंग हवे तेवढे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे बाळाला बाहेर न्यायचं असेल तर सुती झबल्यावर अ‍ॅक्रिलिकचा स्वेटर छान. पण ते घाम शोषत नाही. एप्रिलमधल्या बारशाला कुणी अ‍ॅक्रिलिकचा पूर्ण संच मागितला की मी आईला विचारते, तू या उन्हात रेनकोट घालून बसशील का?

पट्टी नसेल तर धागा जाळून बघा. स्टीलच्या ताटलीत, चिमट्यात धरून, शेजारी पाणी ठेवून. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचा, राख मऊ करडी. खरी लोकर केस जळल्यासारखी घाण मारते, ज्योत लांब नेली की आपोआप विझते, राख चिमटीत चुरडते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी होतो.

मी स्वतः कोल्हापूरच्या हवेला सुती धागा किंवा सुती-अ‍ॅक्रिलिक मिश्र धागा वापरते. ‘मिल्क कॉटन’ म्हणून जो मिळतो, त्याच्या माझ्याकडच्या गुंड्यांवर कापूस ६०, अ‍ॅक्रिलिक ४० असं छापलंय. नावातल्या दुधावर जाऊ नका. निव्वळ सुतीला ताण नसतो, त्यामुळे टोपड्याची कड डोक्याला धरून राहत नाही. शिवाय ओलं सुती विणकाम जड होतं. धुऊन दोरीवर टांगलेलं झबलं मी स्वतः दीड इंच लांब करून घेतलंय. टॉवेलवर आडवं पसरून वाळवावं.

इथं थोडं विषयांतर. माझे वडील शाहू मिलमध्ये होते. शाहू महाराजांनी १९०६ साली काढलेल्या त्या गिरणीच्या भोंग्यावर आमच्या घरचा स्वयंपाक चालायचा. इचलकरंजीचे माग तर अजून दिवसरात्र सुती कापड काढतात. मग बाळाच्या टोपड्याला दोरा बाहेरून कशाला, असं वाटून मी एकदा इचलकरंजीहून मागाच्या सुताचा कोन आणला, आठ पदर एकत्र धरले आणि विणायला बसले. सुई दर टाक्याला तीनच पदर उचलायची, पाच मागं. मागाचं सूत मागालाच बरं. हाताच्या विणीला पदर एकत्र पिळलेला, मऊ दोरा लागतो.

तसाच दुसरा आग्रह होतो घोंगडीच्या लोकरीचा. एका आजोबांनी पट्टणकोडोलीच्या यात्रेतून आणलेली लोकर माझ्यापुढे ठेवली, म्हणाले, आपल्या मातीतली आहे, पणतूला स्वेटर कर. लोकर अस्सल होती. पण दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, ती घोंगडी म्हणून अंगाखाली घ्यावी. टेक्स्टाइल शिकणारा माझा भाचा सांगतो की ३० मायक्रॉनहून जाड तंतूचं टोक वाकत नाही, कातडीला टोचतं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर २०च्या आसपास असते म्हणून ती टोचत नाही. आजोबांना मायक्रॉन काय सांगणार? त्यांच्याच मानेवर ती लोकर घासली. हसत परत घेऊन गेले. खरी लोकर मी एकदाच वापरली, एका जवानाच्या बाळासाठी. ते कुटुंब हिमाचलला निघालं होतं. मेरिनो महाग पडली. गरम पाण्यात घातली, चोळली की लोकर आटून नमदा होते, म्हणजे तंतू एकमेकांत गुंतून घट्ट जाड थर होतो, हे बाळाच्या आईला कागदावर लिहून दिलं.

शिकणाऱ्या मुलींची अडचण वेगळीच आहे. राजारामपुरीतली एक मुलगी व्हिडिओ बघून बाळाचे बूट विणून घेऊन आली. बूट कसले, शेतकऱ्याचे गमबूट! घोट्यापर्यंत पाहिजे ते गुडघ्यापर्यंत. व्हिडिओ होता इंग्लंडातल्या बाईचा, आणि हिला टाके माहीत अमेरिकेच्या नावांनी. अमेरिकेत ‘डबल क्रोशे’ म्हणतात तो आपला खांब, म्हणजे उंच टाका. इंग्लंडात ‘डबल क्रोशे’ म्हणतात तो आपला मुका खांब, म्हणजे बुटका टाका. खांबाची उंची मुक्या खांबाच्या जवळजवळ दुप्पट. आपल्याकडे साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब अशी स्वच्छ नावं असताना ही पंचाईत कशाला?

मी शिकवते तेव्हा पहिले चार दिवस नुसती साखळी. ४ प्लायचा, म्हणजे चार पदरी, फिकट रंगाचा धागा आणि साडेतीन मिलिमीटरची सुई. काळ्या धाग्यावर टाके दिसत नाहीत. सुई लेखणीसारखी धरा नाहीतर सुरीसारखी, मला फरक पडत नाही. धागा डाव्या हाताच्या बोटांतून सारखा सुटला पाहिजे, खरं शिक्षण तिथं आहे. मग मुक्या खांबांचा चौकोन. दहापैकी आठ जणींचा चौकोन समोसा होतो, कारण ओळीतला शेवटचा टाका दिसत नाही आणि सुटतो. मोजा. प्रत्येक ओळ मोठ्यानं मोजा, घरातले हसले तरी. बाळाच्या कपड्याला एवढ्यावर भागतं. मुका खांब दाट, म्हणून मोज्याला. खांब भरभर वाढतो आणि लवचिक, म्हणून टोपड्याला आणि दुपट्याला. शिंपल्याची वीण फार तर झबल्याच्या घेराला. एकाच रंगाचे सगळे गुंडे एकदम घ्या आणि पट्टीवरचा लॉट नंबर जुळवा. माझ्या एका स्वेटरची डावी बाही आजही उजवीपेक्षा पिवळी आहे.

दुकानदारांना विनंती, सुटे गुंडे विकताना पट्टी काढून टाकू नका. आणि संपादक महाशय, तुमच्याकडे एक मागणं. पुरवणीत फोटोबरोबर नमुनाही द्या, मराठी नावांनी. सुरुवातीला माझाच घ्या. नवजात बाळाचं डोकं साधारण ३४-३५ सेंटिमीटर असतं, टोपडं ताणलं जातं म्हणून ते ३३चं धरलंय. आधी नमुन्याचा तुकडा विणून बघावा, १० सेंटिमीटरमध्ये १८ खांब बसले पाहिजेत. जास्त बसले तर सुई अर्धा मिलिमीटर मोठी घ्यावी, कमी बसले तर लहान.

चार साखळ्या घालून गोल जोडावा. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीच्या तीन साखळ्या म्हणजे एक खांब धरावा आणि फेरी संपली की त्यांतल्या तिसऱ्या साखळीला जोडावी. पहिली फेरी: गोलात १२ खांब. दुसरी: प्रत्येक खांबावर दोन, म्हणजे २४. तिसरी: एकावर एक, पुढच्यावर दोन, असे ३६. चौथी: दोन खांबांवर एकेक, तिसऱ्यावर दोन, असे ४८. पाचवी: तीन खांबांवर एकेक, चौथ्यावर दोन, असे ६०. एवढ्यात मोठ्या पुरीएवढी, साडेदहा सेंटिमीटरची चकती होते. तिला झालर पडली तर कुठंतरी खांब जास्त झालेत, वाटी झाली तर कमी. आता न वाढवता ६० खांबांच्या सात फेऱ्या. शेवटी मुक्या खांबांच्या दोन. धागा ओवून आतच संपवावा, टोपडं उलटं करून बोट फिरवावं, साध्या पाण्यात धुऊन आडवं वाळवावं आणि मग बाळाला घालावं.

वर काही लावू नये.

आपली,
एक क्रोशावाली आजी
मंगळवार पेठ, कोल्हापूर