आधी मांडीत सुई, मग बाकीचं

प्रिय वैशू,

कोळंबी खाऊन तुला आलेल्या त्या जीवघेण्या ॲलर्जीची (ॲनाफायलॅक्सिसची) डिस्चार्ज समरी वाचली. तू बरी आहेस आणि बाळाचे ठोके व्यवस्थित आहेत, हे वाचून हायसं वाटलं. पण फोनवर शेवटी तू जे विचारलंस, "ते ॲड्रिनलिन पुन्हा घ्यावं लागलं तर बाळाला काही होणार नाही ना?", ते जास्त महत्त्वाचं आहे. ॲड्रिनलिनचं इंजेक्शन हे अशा रिॲक्शनवरचं पहिलं औषध, पण याच भीतीने घरात आधी सेटिरिझिनची गोळी दिली जाते आणि मग वाट बघत बसतात. त्यात जातो तोच वेळ महागात पडतो. म्हणून सविस्तर लिहिते. वाचून झालं की भावोजींना आणि सासूबाईंनाही वाचायला दे, कारण ऐन वेळी सुई त्यांच्याच हातात असणार.

आधी बाळाचं. तुझ्या अंगात कोळंबीविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्यं आयजीई प्रकारची आहेत, ती सहसा वारेतून पलीकडे जात नाहीत. त्यामुळे बाळाला स्वतःला रिॲक्शन येत नाही. त्याला धोका असतो तुझं बीपी पडण्याचा आणि तुझा श्वास कोंडण्याचा. मेंदूला आपला रक्तपुरवठा काही प्रमाणात स्वतः सांभाळता येतो, गर्भाशयाला ती सोय नाही. तिथलं रक्त सगळं आईच्या बीपीवर चालतं. बीपी कोसळलं की शरीर आधी हृदय आणि मेंदू वाचवतं आणि गर्भाशयाकडचं रक्त कमी करतं. म्हणजे तू शुद्धीवर असशील, बोलत असशील, आणि आत बाळाला ऑक्सिजन कमी पडू लागलेला असेल. ॲड्रिनलिनने गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या आकसू शकतात हे खरं आहे, पण पडलेल्या बीपीचा धोका त्याहून कितीतरी मोठा. गरोदर बाईला डोस तोच, जागा तीच आणि घाईही तीच.

ओळखण्यात मात्र गरोदरपणात घोटाळा होतो. मळमळ असतेच, शेवटच्या महिन्यांत धाप लागते, नाडी एरवीपेक्षा जलद असते, पोटावर खाजही सुटते. फरक वेळेचा आणि वेगाचा. खाल्ल्यानंतर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, एकाएकी सुरू झालेलं आणि एकाच वेळी दोन ठिकाणी दिसणारं काही असेल तर ती रिॲक्शनच समजायची: अंगावर गांधी आणि उलटी, ओठ सुजणं आणि आवाज घोगरा होणं, खाज आणि चक्कर. गांधी उठल्याच पाहिजेत असं नाही. कोळंबी पोटात गेल्याचं माहीत असताना नुसतं डोळ्यांपुढे अंधारलं किंवा घसा आवळला तरी पुरे. शिवाय योनीमार्गात खाज, कंबरेत कळ, पोट कडक होणं ही या दिवसांतली खास लक्षणं. बायका ती लाजून सांगत नाहीत, तू सांग.

आता सुई. परदेशात मिळतो तसा तयार पेनसारखा इंजेक्टर आपल्याकडे सहज मिळत नाही, त्यामुळे ॲम्प्यूल आणि सिरिंज. डॉक्टरांकडून चिठ्ठी घे आणि त्यांच्यासमोर भावोजींना एकदा साध्या सलाइनच्या ॲम्प्यूलवर पूर्ण सराव करू दे. केमिस्टकडे नाव नीट वाचून घे: ॲड्रिनलिन, 1 मिलिलिटरमध्ये 1 मिलिग्रॅम. नॉरॲड्रिनलिन हे वेगळं औषध आहे, ते दवाखान्यात सलाइनमधून शिरेत देतात. नावं सारखी वाटतात म्हणून अदलाबदल होऊ शकते. सिरिंज 2 मिलिलिटरची, सुई एक इंचाची. घरात सासऱ्यांची इन्सुलिनची सिरिंज आहे म्हणून तीच वापरायचा मोह होईल, तो टाळा. तिची सुई इतकी आखूड असते की औषध स्नायूपर्यंत पोहोचत नाही, आणि तिच्यावरच्या खुणा युनिटच्या असतात, मिलिलिटरच्या नाहीत. घाबरलेल्या माणसाकडून तिथेच डोस चुकतो.

ॲम्प्यूलच्या मानेत औषध अडकलं असेल तर टिचकी मारून खाली आणायचं. मानेवरचा ठिपका आपल्याकडे करून, कापूस धरून, मान मागच्या बाजूला मोडायची. औषध ओढायचं, हवा काढायची, आणि दांडा 0.5 वर आणून जास्तीचं टाकून द्यायचं. हे बाहेर टाकायचं काम आधीच करायचं, टोचल्यावर 'निम्म्यावर थांबू' म्हणायचं नाही. सुई मांडीच्या बाहेरच्या बाजूला, गुडघा आणि कंबर यांच्या साधारण मध्यावर, सरळ काटकोनात, पूर्ण आत. सुती गाऊन किंवा सलवार असेल तर कपड्यावरूनच. दंडात नको, कुल्ल्यात नको, शिरेत तर घरी कधीच नाही. मुलांवर झालेल्या एका अभ्यासात मांडीच्या स्नायूत दिलेलं औषध सरासरी 8 मिनिटांत रक्तात शिखरावर पोहोचलं, कातडीखाली दिलेल्याला 34 मिनिटं लागली. जागेचा आग्रह एवढ्यासाठीच. वेळ मोबाइलवर टिपून ठेवा. 5 मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरा डोस, तितकाच, दुसऱ्या मांडीत दिला तरी चालेल. म्हणून ॲम्प्यूल आणि सिरिंज निदान दोन-दोन ठेवायच्या. हात थरथरतील, छातीत धडधडेल, डोकं दुखेल. तो औषधाचाच परिणाम, थोड्या वेळात ओसरतो.

अॅविल आणि हायड्रोकॉर्टिसोन यांबद्दल एकच सांगते. अॅविल खाज कमी करतं, बीपी उचलत नाही. हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड, त्याला काम करायला तास लागतात. दोन्ही नंतर द्यायला हरकत नाही, पण ॲड्रिनलिनच्या आधी नाही आणि त्याच्याऐवजी तर नाहीच. एखाद्या दवाखान्यात उलटा क्रम दिसला तर भावोजींनी स्पष्ट विचारायचं, "ॲड्रिनलिन दिलं का?"

सुई इतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे तुला ठेवायचं कसं, आणि इथेच सगळ्यात जास्त चुकतं. वीस आठवड्यांनंतर उताणं झोपवलं की गर्भाशयाचं ओझं पोटातल्या मोठ्या नीलेवर पडतं आणि हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. आधीच बीपी पडलेलं, त्यात ही भर. म्हणून डाव्या कुशीवर, पाठीमागे उशी लावून. श्वासच लागत असेल तर पाय लांब करून, पाठ टेकवून बसवायचं. पण उठून उभं राहायचं नाही. तुमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. 'चल, हळूहळू उतरू, रिक्षा खाली आहे' असं कोणी ना कोणी म्हणणारच. ॲनाफायलॅक्सिसमध्ये एकदम उभं केल्यावर हृदयाकडे येणारं रक्त जवळपास थांबतं आणि माणूस जागच्या जागी कोसळतो. 108 ला फोन करताना "गरोदर, अमुक आठवडे, ॲलर्जीची रिॲक्शन, ॲड्रिनलिन दिलंय, स्ट्रेचर लागेल" एवढं एका दमात सांगा. उलटी करवायची नाही, मीठपाणी पाजायचं नाही.

बरं वाटलं तरी दवाखाना चुकवायचा नाही. रिॲक्शन काही तासांनी पुन्हा उसळू शकते, म्हणून देखरेखीखाली ठेवतात. तिथे ऑक्सिजन, भराभर सलाइन आणि बाळाच्या ठोक्यांचा व कळांचा आलेख हे तिन्ही व्हायला हवं. तो आलेख काढायची सोय असेल असाच दवाखाना आधीपासून हेरून ठेव. घरी आल्यावर बाळाची हालचाल कमी वाटली, पोट ठरावीक वेळाने कडक होऊ लागलं किंवा रक्तस्राव दिसला तर रात्र काढायची नाही. पुढे बीपी वाढून लॅबेटालॉल सुरू करायची वेळ आली तर ॲलर्जीची आठवण करून दे. त्या गटातल्या गोळ्यांवर ॲड्रिनलिनचा गुण कमी येऊ शकतो.

खाण्याचं. त्रास देणारं मुख्य प्रथिन ट्रोपोमायोसिन, ते शिजवून मरत नाही. म्हणून सुकट, जवळा, करंदी, खेकडे, शेवंड सगळंच बंद, आणि तिसऱ्या, माकूल हेही तपासणी होईपर्यंत नको. सुरमई, पापलेट यांचं प्रथिन वेगळं, ते तुला आधी चालत होतं तर चालेल, पण खानावळीत नको. एकाच तव्यावर, एकाच तेलात कोळंबीही तळलेली असते. गोव्याला गेलीस तर किसमूर आणि बालचाव दोन्ही लांब ठेव, त्यांत सुकी कोळंबी असते. सासूबाई कालवणात चिमूटभर सोडे टाकतात, ती चिमूटही मोजायची. स्वयंपाकघरात कोळंबी उकळत असेल तर तू बाहेरच्या खोलीत. वाफेनेही काहींना त्रास होतो. पाकिटावर भारतात कवचवाल्या जलचरांचा उल्लेख बंधनकारक आहे, तो वाचायचा. डीएचएची कॅप्सूल शेवाळ्याची असेल तर प्रश्न नाही, क्रिल या कोळंबीसारख्या जिवाच्या तेलाची मात्र नको. तपासणीसाठी सध्या रक्तातली आयजीई पुरेशी; कातडीवर टोचून करायची चाचणी बाळंतपणानंतर. आणि बाळाला ॲलर्जी होऊ नये म्हणून आता शेंगदाणे, दूध, अंडी सोडून बसू नकोस. त्याने बाळाचं काही वाचत नाही, तुझं प्रोटीन मात्र कमी होतं.

केसपेपरवर लाल अक्षरात 'कोळंबी – ॲनाफायलॅक्सिस' असं लिहून घे. मग कोणीतरी म्हणेल, "म्हणजे हिला आयोडीनची ॲलर्जी, सिझेरियनला बीटाडिन नको." हा जुना गैरसमज आहे. ॲलर्जी प्रथिनाची असते, आयोडीनची नाही, त्यामुळे बीटाडिन चालतं. खरं विचारायला हवं ते अँटिबायोटिकचं: पेनिसिलिन, सेफालोस्पोरिन कधी घेतलंय का, काही झालं होतं का. बाळंतपणाच्या वेळी येणाऱ्या रिॲक्शनमध्ये ही औषधं पुढे असतात.

ॲम्प्यूल फ्रीजवर किंवा गॅसजवळ ठेवू नका. थंड, काळोख्या कपाटात, मूळ खोक्यातच. औषध गुलाबी किंवा तपकिरी दिसलं तर टाकून द्या. एक संच पर्समध्ये, तो गाडीत विसरायचा नाही, उन्हात खराब होतो. खोक्यावरची मुदत आज पाहून मला कळव, आणि भावोजींचा सराव झाला की त्यांनी किती वेळात 0.5 भरलं तेही लिही.

काकूंना नमस्कार.

तुझी,
शुभा