गरम झाल्यावर बिघडणारे कार्ड थंड टेबलावर तपासल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा (ग्राफिक्स कार्ड वॉरंटी विभाग)

विषय : आरटीएक्स ३०५० (८ जीबी) ग्राफिक्स कार्ड ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून परत केल्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीचे वरील कार्ड वॉरंटीत असताना नाशिकच्या स्वीकृती केंद्रात जमा केले होते. ते १८ दिवसांनी जसेच्या तसे परत आले. सोबतच्या चिठ्ठीवर दोन ओळी आहेत : ‘१० मिनिटे चाचणी घेतली, दोष आढळला नाही. ग्राहकाचा मदरबोर्ड जुना, पीसीआयई ४.० नाही.’ यातली पहिली ओळ अपुरी आहे आणि दुसरी गैरलागू. (पीसीआयई म्हणजे मदरबोर्डावर कार्ड बसते ती जोडणी, ४.० ही तिची पिढी.)

जमा करतानाच्या अर्जात स्पष्ट लिहिले होते की भार दिल्यावर बिघाड दिसायला १२ ते १५ मिनिटे लागतात. तरीही चाचणी दहाव्या मिनिटाला थांबवली. हे म्हणजे संध्याकाळी ताप चढणाऱ्या माणसाला सकाळी थर्मामीटर लावून घरी पाठवण्यासारखे झाले.

बिघाडाचा क्रम ठरलेला आहे. थ्रीडी ड्रॉइंग सतत फिरवत ठेवले की आधी हिरवे-गुलाबी ठिपके चौकडीच्या नक्षीत उमटतात. मग पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) ४१०१ क्रमांकाची नोंद पडते, म्हणजे कार्डाने ठरलेल्या २ सेकंदांत उत्तर दिले नाही म्हणून विंडोजने ड्रायव्हर पुन्हा उभा केला. असे दोन-तीनदा झाले की पडदा कायमचा काळा, पंखे पूर्ण वेगात, आणि बटण दाबून मशीन बंद करण्यावाचून इलाज नाही. त्याच क्षणी पुन्हा चालू केले तर बायोसच्या (विंडोज सुरू होण्याआधीच्या) स्क्रीनवरही तेच ठिपके असतात. तासभर बंद ठेवले की ते नाहीसे होतात.

बायोसच्या वेळी विंडोजचा ड्रायव्हर लोडच झालेला नसतो. त्यामुळे ‘ड्रायव्हर अपडेट करून पाहा’ हा आपल्या हेल्पलाइनवरचा सल्ला इथे लागू पडत नाही. तरी तोही पाळला : इंटरनेट काढून, सेफ मोडमध्ये डीडीयूने (ड्रायव्हर मुळापासून काढणाऱ्या सॉफ्टवेअरने) जुना ड्रायव्हर पुसला, नवा टाकला, मग एक जुनी आवृत्तीही टाकून पाहिली. फरक शून्य. केबल आणि मॉनिटरही बदलले, एचडीएमआयऐवजी डिस्प्लेपोर्ट वापरून पाहिले. खरे तर त्याची गरज नव्हती, कारण ठिपके स्क्रीनशॉटमध्येही उमटतात. केबल किंवा मॉनिटर खराब असता तर स्क्रीनशॉट स्वच्छ आला असता.

आता जुन्या मदरबोर्डाविषयी. मशीन आय५-४५९० प्रोसेसर आणि बी८५ चिपसेटचे आहे, म्हणजे २०१४च्या सुमाराचे, हे मान्य. पण पीसीआयई मागच्या पिढ्यांशी जुळवून घेते. हे कार्ड मुळात ८ लेनचेच (डेटाच्या ८ वाटांचेच) आहे, या बोर्डावर ते ३.० वेगाने ८ लेनवर चालते आणि जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तसेच दिसते. त्यामुळे वेग थोडा कमी पडेल, ठिपके पडणार नाहीत. शिवाय तेच कार्ड पीसीआयई ४.० असलेल्या नव्या मशीनमध्ये बसवले, तर चौदाव्या मिनिटाला तोच प्रकार. जुन्या मशीनमध्ये मात्र ६० वॅटचे जुने जीटीएक्स ७५० टीआय सलग ४ तास निर्धोक चालले. अर्थात एवढ्या कमी विजेच्या कार्डाने एसएमपीएसची (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याची) परीक्षा होत नाही, त्यावरून फक्त स्लॉट ठीक आहे एवढेच कळते.

म्हणून वीजपुरवठा वेगळा तपासला. सातपूर-अंबडकडे वीज सेकंदभर जाऊन येण्याचे प्रकार होतात, त्यासाठी मशीन यूपीएसवर आहे. एसएमपीएस ५५० वॅटचा, कार्डाला वीज देणारी ८ पिनची वायर थेट त्यातूनच येते, मोलेक्सचा (जुन्या ४ पिनी वायरचा) जोड नाही. ८ पिनवर मल्टिमीटर लावला तर भार नसताना १२.०८ आणि पूर्ण भारावर ११.९३ व्होल्ट मिळाले. ११.४० ते १२.६० ही मान्य मर्यादा आहे. ६५० वॅटचा दुसरा एसएमपीएस लावूनही बिघाड तसाच राहिला.

सर्वांत बोलका पुरावा आफ्टरबर्नर या कार्डाचा वेग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधला आहे. कोअरचा (मुख्य चिपचा) क्लॉक २०० मेगाहर्ट्झने उतरवला, काही बदलले नाही. मेमरीचा क्लॉक ५०० ने उतरवला, तर ठिपके १३व्याऐवजी ४१व्या मिनिटाला आले. दोष मेमरी चिपमध्ये किंवा तिच्याखालच्या सोल्डरच्या टाक्यांत आहे, आणि तो उष्णतेने उघडा पडतो, असाच याचा अर्थ आम्ही लावतो. चिठ्ठीच्या मागे ‘तापमान नॉर्मल’ असेही लिहिले आहे. इथेही कोअर ७१ आणि हॉट स्पॉट (चिपवरची सर्वांत गरम जागा) ८४ अंश, म्हणजे नॉर्मलच दिसते. पण या कार्डावर जीडीडीआर६ मेमरीचे तापमान नेहमीची सॉफ्टवेअर दाखवत नाहीत. जे मोजलेच नाही ते नॉर्मल कसे? मेमरीवरचा थर्मल पॅड (उष्णता हीटसिंककडे नेणारी पट्टी) नीट बसलेला नसेल, तर नेमके हेच होईल. वॉरंटीचे सील तुटू नये म्हणून आम्ही हीटसिंक उघडलेला नाही, फक्त पंखे हाताने धरून ब्लोअरने धूळ काढली.

आमच्या मागण्या अशा. फेरतपासणी बंद कॅबिनेटमध्ये, किमान ४५ मिनिटे पूर्ण भार देऊन करावी. ओसीसीटी या सॉफ्टवेअरची व्हीरॅम (कार्डाच्या मेमरीची) चाचणी कार्ड गरम असतानाच चालवावी आणि लगेच रीस्टार्ट करून बायोसची स्क्रीन पाहावी. खोलीचे तापमान लिहावे. एसीतल्या टेबलावरची उघडी चाचणी आणि एप्रिलमधल्या नाशिकची ३५ अंशांची खोली यांत फरक आहे. अहवाल आकड्यांसह द्यावा. हीट गन मारून ‘दुरुस्त’ केलेले कार्ड नको, तो टाका काही आठवड्यांत पुन्हा सुटतो.

बदली कार्ड ८ जीबीचेच हवे. ३०५० याच नावाने विकले जाणारे ६ जीबीचे कार्ड वेगळे आहे : २५६० ऐवजी २३०४ कोअर, १२८ ऐवजी ९६ बिटची मेमरी बस, १३० ऐवजी ७० वॅट. नाव सारखे म्हणून ते चालणार नाही. कार्ड आपल्याकडे पडून राहिलेले दिवस वॉरंटीत वाढवून मिळावेत. आणि यापुढे कार्ड अँटिस्टॅटिक पिशवीत पाठवावे, या वेळी ते नुसत्या बबल रॅपमध्ये आले.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) आणि त्यानंतर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवू. बिलावर ‘न्यायक्षेत्र फक्त मुंबई’ असे छापले असले, तरी ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९च्या कलम ३४ नुसार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार दाखल करता येते.

सोबत : बिल व आपल्या चिठ्ठीची प्रत, इव्हेंट व्ह्यूअरच्या नोंदी, जीपीयू-झेडचा लॉग, ठिपक्यांचे स्क्रीनशॉट, आणि बायोसच्या स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ (पेन ड्राइव्हमध्ये).

आपले,
(सही)
सातपूर, नाशिक