लेझर लिंकचे अंतर किलोमीटरमध्ये मागू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रस्त्याच्या अलीकडे जुनी इमारत, पलीकडे नवी, आणि दोन्हींचे नेटवर्क एक करायचे. जमिनीखालून फायबर न्यायची तर महापालिकेची खोदाईची परवानगी, रस्ता पूर्ववत करण्याचे शुल्क, वर पावसाळ्यातली खोदाईबंदी. कॉलेजे, रुग्णालये, सहकारी बँका यांच्यापुढे ही अडचण नेहमीची आहे. अशा ठिकाणी दोन गच्च्यांवर समोरासमोर यंत्रे बसवून अदृश्य लेझर किरणांनी जोडणी करणे हा उत्तम पर्याय आहे. रेडिओ लहरींचा स्पेक्ट्रम वापरावा लागत नाही आणि शेजारच्या वायफायची गर्दी आड येत नाही. मात्र खरेदीच्या निविदांत ‘पल्ला : १ किलोमीटर’ एवढेच लिहिले जाते. तो पल्ला स्वच्छ हवेतला असतो, आणि पहिल्या पावसाळ्यात लिंक तुटायला लागली की दोष लेझरवर येतो. चूक मागणी लिहिण्यात झालेली असते.

साधे गणित पाहा. १० मिलीवॅटचा ट्रान्समीटर म्हणजे १० डीबीएम (एक मिलीवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली शक्ती; दर १० डेसिबलला प्रकाश दहापट कमी किंवा जास्त). समोरच्या रिसीव्हरला किमान उणे ३० डीबीएम प्रकाश हवा. हाताशी आले ४० डेसिबल. किरण २.५ मिलिरेडियनने, म्हणजे दर मीटरमागे २.५ मिलिमीटर, पसरत असेल तर ५०० मीटरवर त्याचा ठिपका सव्वा मीटर रुंद होतो आणि १० सेंटिमीटरच्या भिंगात त्यातला जेमतेम दीडशेवा हिस्सा शिरतो. तिथे २२ डेसिबल गेले. काचा, भिंगे आणि नेम थोडा हुकणे यांसाठी ४ धरा. उरले १४. धुके, पाऊस, धूळ, सगळे या १४ डेसिबलमध्ये भागवायचे.

दाट धुक्यात दर किलोमीटरला होणारी घट काढायला १७ ला किलोमीटरमधल्या दृश्यतेने भागायचे. दृश्यता ६०० मीटर असेल तर घट साधारण २८ डेसिबल, म्हणजे आपल्या ५०० मीटरसाठी १४. त्याखाली दृश्यता गेली की लिंक तुटली. हेच यंत्र २०० मीटरवर लावले तर ठिपका अर्धा मीटरच राहतो, हवेसाठी २२ डेसिबल उरतात आणि दृश्यता दीडशे मीटरवर येईपर्यंत लिंक तग धरते. आणि १ किलोमीटरवर? हवेसाठी फक्त ८ डेसिबल. तासाला २० मिलिमीटरच्या पावसात ती बंद पडेल, आणि असा पाऊस मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर कधीही होतो. तासाला १०० मिलिमीटरच्या धारेत घट किलोमीटरला २३ डेसिबलच्या आसपास जाते. ५०० मीटरची लिंक त्यातूनही कशीबशी निभावते, किलोमीटरची नाही.

म्हणून निविदेत किलोमीटरऐवजी असे लिहावे : ‘प्रत्यक्ष अंतरावर, यंत्रे बसवल्यानंतर, हवेसाठी किमान इतके डेसिबल शिल्लक दाखवावेत.’ ते तपासणेही सोपे आहे. लेझरच्या तरंगलांबीसाठी मोजलेला १० डेसिबलचा करडा फिल्टर, म्हणजे प्रकाश तेवढाच कमी करणारी काच, रिसीव्हरसमोर धरायचा. लिंक चालू राहिली आणि डेटाची पाकिटे गळली नाहीत तर तेवढे मार्जिन नक्की आहे. कोरड्या दिवशी, पाच मिनिटांत, बिल मंजूर होण्यापूर्वी. ही चाचणी करारात नसेल तर पुढची सगळी भांडणे पावसात भिजत होतात.

मैदानी शहरांत माझा आकडा ३०० ते ५०० मीटरचा. महाबळेश्वर, लोणावळा, आंबोली इथे पावसाळ्यात ढगच गच्चीवर उतरतात आणि दृश्यता काही दहा मीटरवर येते. तिथे एकट्या लेझरवर विसंबू नये. परदेशातल्या मोठ्या पल्ल्यांची उदाहरणे विक्रेते देतात. गूगलची मूळ कंपनी अल्फाबेटच्या ‘तारा’ प्रकल्पाने २०२१ मध्ये काँगो नदीवरून ब्राझाव्हिल आणि किन्शासा ४.८ किलोमीटरच्या किरणाने जोडले, ते खरे आहे. पण त्या यंत्रात आरसे सतत हलून किरण समोरच्या भिंगावर धरून ठेवतात, त्यामुळे किरण अगदी बारीक ठेवता येतो. साध्या यंत्राकडून ती अपेक्षा करू नये.

आता बसवण्याविषयी, कारण निम्म्या तक्रारी तिथून येतात. एक मिलिरेडियन म्हणजे एक मीटरमागे एक मिलिमीटर. गच्चीवर तीन मीटरचा जीआय पाइप उभा करून त्यावर यंत्र लावले तर वाऱ्याने आणि दुपारच्या उन्हाने तो याहून जास्त वाकतो. प्लॅस्टिकच्या पाण्याच्या टाकीचा सांगाडा, पत्र्याचे शेड, कठड्याची विटांची भिंत, यातले काही चालणार नाही. आरसीसी कॉलमच्या डोक्यावर किंवा लिफ्टच्या मशीनरूमच्या काँक्रीट भिंतीला अँकर बोल्टने आखूड, जाड ब्रॅकेट लावावे. किरण गच्चीच्या पृष्ठभागापासून तीन-चार मीटर वरून जावा. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या स्लॅबवर हवा थरथरते आणि सिग्नल सेकंदाला अनेकदा खालीवर होतो. तीन-चार ट्रान्समीटर एकमेकांपासून अंतरावर असलेले यंत्र हे बरेच सावरते, कबुतर आडवे गेले तरी लिंक टिकवते.

नेम धरताना आधी यंत्रावरच्या दुर्बिणीतून समोरचे यंत्र मध्यावर आणा. मग सिग्नलच्या व्होल्टेजला मल्टिमीटर लावून यंत्र डावीकडे फिरवा, आकडा निम्मा होईल तिथे खूण करा. उजवीकडेही तसेच. दोन खुणांचा मध्य हीच जागा. खाली-वर पुन्हा तेच. जिथे आकडा पहिल्यांदा मोठा दिसला तिथेच बोल्ट आवळणारे बरेच आहेत, आणि तो बहुधा ठिपक्याचा काठ असतो. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, आकडा पाहत आवळा. दुसऱ्या दिवशी पहाटे आणि भर दुपारी पुन्हा मोजा.

लिंक पूर्व-पश्चिम असेल तर मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास काही दिवस उगवता किंवा मावळता सूर्य थेट भिंगात येतो आणि रिसीव्हर काही मिनिटे आंधळा होतो. शक्य असेल तर दिशाच बदलावी. खिडकीच्या काचेतून लिंक काढायचा मोह टाळा. साधी काच ८ टक्के प्रकाश खाते, पण धातूचा थर दिलेली आरशासारखी काच त्याच्या कितीतरी पट.

रेडिओची जोड हवीच. ५ गिगाहर्ट्झची लिंक धुक्याला आणि पावसाला फारशी दाद देत नाही. वेग कमी, पण तातडीच्या कामाला पुरतो. इथे एक खोच आहे. किरण तुटला तरी यंत्राचा नेटवर्क स्विचकडचा (डेटा कोणत्या वाटेने पाठवायचा ते ठरवणाऱ्या यंत्राकडचा) पोर्ट, म्हणजे तार जोडायचे तोंड, चालूच राहिला, तर स्विचला काहीच कळत नाही आणि डेटा आंधळ्या वाटेवर जात राहतो. म्हणून लिंक तुटल्याची खबर पोर्टपर्यंत पोचवणारी सोय यंत्रात आहे का, हे खरेदीपूर्वी विचारा. लेझर परत आल्यावर लगेच त्यावर उडी न मारता एक-दोन मिनिटे थांबायची मांडणी करा. नाहीतर रिमझिम पावसात नेटवर्क दिवसभर इकडून तिकडे हेलकावे खाते. गच्चीवरून खाली तांब्याची केबल न आणता फायबर आणा, म्हणजे विजेचा लोळ स्विचपर्यंत येणार नाही. यंत्राच्या विजेच्या तारेला सर्ज अरेस्टर (विजेचा अचानक उसळलेला दाब अडवणारे साधन) आणि नीट अर्थिंग द्या, दोन्ही टोकांना यूपीएस.

डोळ्यांबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचा किरण दिसत नाही, पण डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचतो. ‘क्लास १ एम’ असा लेझर सुरक्षेचा वर्ग लिहिलेले यंत्र उघड्या डोळ्यांना सुरक्षित असते, दुर्बिणीतून पाहणाऱ्याला नाही. त्यामुळे समोरच्या गच्चीवर दुर्बीण रोखण्यापूर्वी तिकडचा ट्रान्समीटर बंद असल्याची फोनवर खात्री करा. १५५० नॅनोमीटरचा किरण डोळ्याच्या पुढच्या भागातच शोषला जातो, म्हणून त्याच सुरक्षा वर्गात जास्त शक्ती वापरता येते. किंमत मात्र वाढते.

शेवटी वाट मोकळी राहील का, हे पाहा. नारळ आणि अशोक वर्षागणिक वाढतात, मधल्या भूखंडावर पुनर्विकासाचा फलक लागला की तीन वर्षांत तिथे वीस मजले उभे राहतात. गणेशोत्सवात मंडपाची कमान किरणाच्या उंचीला येते का, हे मंडळाला आधीच विचारून घ्यावे. महिन्यातून एकदा समोरची काच मऊ कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, जवळपास बांधकाम चालू असेल तर दर आठवड्याला.

– एक नेटवर्क अभियंता, पुणे