पिल्लू हंस झालंच नसतं तर?

महोदय,
डॅनिश लेखक अँडरसनची कुरूप बदकाच्या पिल्लाची गोष्ट १८४३ सालची. पहिली-दुसरीच्या वर्गात तिचं चित्रपुस्तक आजही हमखास निघतं. मोठेपणी चाळलं की एक गोष्ट खटकते. पिल्लाला मान मिळतो तो हंस निघाल्यावर. बदकच निघालं असतं, तर चिडवणारे बरोबर ठरले असते का? म्हणून शेवटच्या पानापेक्षा म्हातारीच्या झोपडीचं पान जास्त वेळ उघडं ठेवावं. तिथे कोंबडी विचारते, अंडी घालता येतात का? बोका विचारतो, पाठीची कमान करता येते का? नाही ना, मग गप्प बस! आपल्या खान्देशात ‘माझं दप्तर’ऐवजी घरच्या अहिराणी बोलीत ‘मनं दप्तर’ म्हणणाऱ्या पोराला वर्ग हसतो, तोही याच मापाने.

वाचताना पुस्तक मुलांकडे तोंड करून धरावं आणि वीसेक मुलंच अर्धगोलात बसवावीत. मागच्याला चित्र दिसलं नाही की तो शेजाऱ्याला चिमटे काढतो. ‘आपल्या वर्गात असं कोण?’ हे मात्र चुकूनही विचारू नये, सगळ्या माना एकाच मुलाकडे वळतात. त्याऐवजी पिल्लाला चिडवत होते तेव्हा अंगणातली बाकीची बदकं काय करत होती, हे विचारावं आणि मनात दहा आकडे मोजावेत. बुजऱ्या मुलांचं उत्तर उशिरा येतं. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट मुलांनी अहिराणीत सांगावी. फक्त, ज्याला चिडवतात त्यालाच आधी उभं करू नये. प्रकरण मारहाण, धमकीवर गेलं असेल तर गोष्ट पुरणार नाही, तिथे बालकांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन आहे. तो आकडा फळ्याशेजारी रंगवून ठेवावा.

— एक प्राथमिक शिक्षिका, अमळनेर (जि. जळगाव)