हिरोशिमात तव्यासमोर

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "ते स्मारक सोडलं तर हिरोशिमात बघायचं काय?" आणि मागून आईचा आवाज आला, "आणि आम्ही आलोच, तर मी तिथे खाऊ काय?" रेंज जात होती, बाबांच्या बातम्या जोरात चालू होत्या, त्यामुळे धड उत्तर देता आलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहितेय. बाबांसाठी अक्षर मोठं ठेवलंय, चष्मा शोधायला नको.

काल ऑफिसातून सुटल्यावर ओकोनोमियाकी, म्हणजे तव्यावर कोबी आणि नूडल्स घालून केलेला जाड घावन, खायला गेले होते. हे इथलं मुख्य खाणं. आधी एक गैरसमज काढते. न्यू जर्सीच्या दादाने तुम्हाला जो व्हिडिओ पाठवला होता, आचारी सुऱ्या फिरवतोय, कांद्याच्या चकत्या रचून त्यातून जाळ काढतोय आणि लोक टाळ्या वाजवतायत, तसलं इथे काही नसतं. तव्यावर मांस भाजून समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला वाढायची पद्धत कोबेच्या मिसोनो या हॉटेलाने १९४५ मध्ये काढली. तिचा तमाशा केला तो अमेरिकेत. हिरोआकी आओकी या जपानी माणसाने १९६४ साली न्यूयॉर्कला बेनिहाना हे हॉटेल उघडलं, तिथून ते सुरू झालं. दादा सांगतो ते खरंच आहे, फक्त ते त्याच्याकडचं आहे.

मी गेले ते दुकान आपल्या पडवीएवढं असेल. मधोमध लांबच्या लांब लोखंडी तवा, त्याच्या एका बाजूला दुकानाची मालकीण, दुसऱ्या बाजूला ओळीने स्टुलं. स्टुलाखाली पिशव्या ठेवायला टोपली. आत शिरताच गरम ओला रुमाल आणि पाण्याचा ग्लास पुढे आला. मालकीण सत्तरीची तरी असावी, डोक्याला रुमाल, पाठीत किंचित वाक. मला जपानी येत नाही हे तिने माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं. एका हातात शेवयांसारख्या बारीक नूडल्सची पुडी आणि दुसऱ्यात जाड्या नूडल्सची धरून तिने भुवया उंचावल्या. मी बारीककडे बोट केलं. संपली ऑर्डर.

आता आई, करायची रीत. तिने पळीभर पातळ पीठ तव्यावर ओतलं आणि पळीच्याच बुडाने गोल फिरवलं. आपल्या घावनाहूनही पातळ. त्यावर माशाची पूड भुरभुरली. मग बारीक चिरलेला कोबी घातला, आणि तो किती! माझ्या दोन्ही ओंजळींत मावला नसता. वर मोड आलेल्या मुगाचे लांब कोंब, कांद्याची पात, तळणीतला कुरकुरीत चुरा, आणि सगळ्यांवर डुकराच्या मांसाच्या पातळ पट्ट्या. (हो, खाल्लं. पुढे वाच.) हा डोंगर आता उलटायचा. तिने दोन रुंद उलथनी दोन्ही बाजूंनी खाली सारली आणि मनगटं अशी काही वळवली की पट्ट्या खाली आणि घावन वर. चार-दोन कोबीचे तंतू बाहेर पडले, ते तिने उलथन्याच्या टोकाने परत आत लोटले.

आणि मग ती थांबली. इतकी थांबली की मला वाटलं विसरली. शेजारच्याची बिअर ओतून दिली, तवा खरवडला, टीव्हीवरच्या हवामानाकडे बघून काहीतरी पुटपुटली. एवढ्या वेळात घावनाच्या झाकणाखाली कोबी आपल्याच वाफेवर शिजून निम्म्यावर बसला. मग बाजूला परतलेल्या नूडल्सवर तो अख्खा ढीग उचलून ठेवला, तव्यावर अंडं फोडून गोल पसरलं, त्या अंड्यावर सगळं चढवलं आणि पुन्हा उलटलं. ब्रशने दाट काळपट सॉस, वर हिरव्या शेवाळाची पूड. वीसेक मिनिटं तरी लागली असतील, पण कुणीही घाई करत नव्हतं. ताटलीत काढून देत नाहीत. तव्यावरूनच सरकवत आपल्यापुढे आणतात. हाताशी एक छोटं उलथनं असतं, त्याने चौकोन कापायचे आणि त्याच्यावरूनच तोंडात. परदेशी लोकांना ताटली आणि चॉपस्टिक्स देतात, मलाही दिल्या. पण उलथन्याने खाल्लं की शेवटचा घासही पहिल्याइतकाच गरम. ओठ मात्र जपायचे.

ओसाकाला हेच नाव वेगळ्या पदार्थाला आहे. तिथे कोबी आणि पीठ आधी कालवून घेतात, बऱ्याच ठिकाणी आपलं आपण भाजायचं, वर मेयोनीज. तोक्योच्या त्सुकिशिमा भागात मोंजा म्हणून आणखी पातळ प्रकार असतो, तो तव्यावर खरवडत खातात. इथल्या माणसासमोर ओसाकाचं नाव काढलं की तो हसून विषय बदलतो.

बाबा, आता तुमचं. लढाईच्या आधी इथे पोरांसाठी एक पैशाचा खाऊ होता: पाण्यात कालवलेल्या पिठाचा पातळ पापुद्रा, त्यात थोडी कांद्याची पात, घडी घालून कागदात. मग ६ ऑगस्ट १९४५ ला सव्वाआठ वाजता जे झालं ते तुम्ही आम्हाला वर्गात शिकवलंत. १९४५ संपेपर्यंत एक लाख चाळीस हजारांच्या आसपास माणसं गेली. मागे राहिलेल्यांना तांदूळ मिळत नव्हता. अमेरिकेहून आलेला गहू होता, कोबी स्वस्त होता. तेव्हा पोरांचा खाऊच जाड होत गेला, कोबीने पोट भरू लागलं, पुढे नूडल्स आल्या, मग अंडं. ज्या बायकांचा कमावता माणूस गेला होता त्यांतल्या कित्येकींनी घराच्या पुढच्या खोलीत एक तवा मांडला. अजूनही बऱ्याच दुकानांना मालकिणीच्या किंवा मालकाच्या हाकेचं नाव आहे. मोकळ्या जागेत ओकोनोमियाकीच्या ज्या गाड्या लागायच्या, त्यांची आता ओकोनोमिमुरा नावाची इमारत झालीय, मजल्यांवर मजले नुसते तवे. तिथे गर्दी असते, प्रवासी असतात. मला माझं छोटं दुकान बरं.

सॉसचीही गंमत आहे. ओताफुकू ही इथलीच कंपनी, १९२२ साली सोया सॉस वगैरे विकायचं दुकान म्हणून सुरू झालेली. लढाईनंतर तवेवाल्यांना पातळ सॉस नको होता, तो ओघळून तव्यावर करपायचा, म्हणून दाट केला. त्यात गोडीसाठी खजूर घालतात! जपानात खजूर पिकत नाही, बाहेरून येतो.

तेव्हा बघायचं काय, तर हे बघा. संग्रहालयात मी गेले, तुम्हीही जाच. तिथून बाहेर आल्यावर बोलावंसं वाटत नाही. पण नुसतं तेवढंच बघून लोक संध्याकाळच्या गाडीने क्योतोला परततात हे मला पटत नाही. गाव तिथे संपलं असं वाटतं त्यांना. बॉम्बनंतर तिसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला, ट्रामचा एक तुकडा पुन्हा सुरू झाला होता, आणि त्या दिवसांतून वाचलेल्या काही ट्राम अजून रस्त्यावर आहेत. बॉम्बनंतर उरलेल्या इमारतीच्या त्या घुमटाजवळ मोतोयासू नदीकाठी गांधीजींचा अर्धपुतळाही आहे, २०२३ साली बसवलेला. तो घडवला आपल्या धुळे जिल्ह्यातल्या राम सुतारांनी. फोटो जोडलाय. बाबा तो बघून शाळेच्या ग्रुपवर टाकणार हे मी गृहीत धरलंय.

आई, तुझं उत्तर लांबवलं, कारण ते सरळ नाही. तू माळ घातलेली. मांस आणि अंडं नको म्हटलं तर काढतात, पण माशाची पूड राहते, काही ठिकाणी पीठही माशाच्या पाण्यात कालवतात, सॉसमध्येही काय काय असतं. आणि तवा एकच. शेजारच्याची चरबी तुझ्या कोबीपर्यंत येणार. "चालतंय गं" असं मी तुला म्हणणार नाही. मात्र शांती उद्यानाजवळ नागाताया म्हणून दुकान आहे, तिथे शाकाहारी ओकोनोमियाकी करून देतात. रांग असते, आपण लवकर जाऊ. तवा वेगळा ठेवतात का ते मी आधी स्वतः जाऊन विचारून येईन, मगच तुला नेईन. नाही पटलं तर माझ्या खोलीवर इंडक्शन आहे, कोबी इथे छान मिळतो, आणि पीठ तू आणशीलच.

बाबांची सोय तर आधीच झालीय. जपानातली निम्म्याहून जास्त कालवं या हिरोशिमाच्या खाडीत होतात. माझ्या शेजारच्या माणसाने मागवली होती: तव्यावरच लोण्यात भाजलेली, प्रत्येक अंगठ्याहून मोठी, आणि मग ओकोनोमियाकीच्या डोक्यावर. माझी नजर बघून त्याने एक माझ्याकडे सरकवलं. बाबा, रत्नागिरीची कालवं चवीला जास्त तिखट-खारी, हे कबूल. पण ही मऊ आणि गोड आहेत, लिंबू लागत नाही.

पैसे हजार-दीड हजार येन होतात, टीप देत नाहीत, दिली तर मागे धावत येऊन परत करतात. निघताना सगळे "गोचिसोसामा", म्हणजे जेवणाबद्दल आभार, असं म्हणतात, मीही म्हटलं. मालकिणीने उलथनं हातात तसंच धरून मान लववली. कपड्यांना दोन दिवस वास राहतो, तेव्हा आईची चांगली साडी त्या दिवशी नको.

मार्चच्या शेवटी या. चेरी फुललेली असते, थंडी सोसण्यासारखी असते आणि कालवंही मिळतात. बाबा, दोघांच्या पासपोर्टची मुदत बघून पहिल्या पानाचा फोटो पाठवा, व्हिसाचे कागद मी इथून करून पाठवते. आणि गुडघ्याची गोळी रात्री जेवणानंतरच, रिकाम्या पोटी नको.

तुमची,
मनू