यंत्राचाही सूर उतरतो

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत डिस्कोच्या काळावर लेख आला होता. लेख आवडीने वाचला. पण इटालियन संगीतकार जॉर्जो मोरोडर यांच्या वाट्याला त्यात जेमतेम तीन ओळी आल्या आहेत आणि त्यांचा अर्थ असा की या माणसाने गाण्यातून वादक काढून टाकले, बटण दाबलं की गाणं तयार होऊ लागलं. ते वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही. मी मिरजेचा. वडील तंबोरे करायचे, माझं पोट मात्र कीबोर्डवर चाललं. सव्वीस वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवतो आहे. म्हणून हे पत्र.

मोरोडर यांचा जन्म २६ एप्रिल १९४० चा, उत्तर इटलीतल्या डोंगरातल्या ऑर्टिसेई गावचा. लादिन ही तिथली जुनी बोली. जर्मन आणि इटालियनही तिथे घरच्याच भाषा. या खोऱ्याचं नाव आहे ते लाकडावरच्या कोरीव कामासाठी. (तंबोऱ्यांच्या गावात वाढलेल्या माणसाला हे वाचून जवळीक वाटली, एवढं कबूल करतो.) तरुणपणी गिटार घेऊन ते युरोपभर क्लबांतून, हॉटेलांतून वाजवत फिरले, मग बर्लिन आणि पुढे म्युनिक. तिथे एका उंच इमारतीच्या तळघरात त्यांनी म्युझिकलँड नावाचा स्टुडिओ उभारला. सोबतीला पीट बेलॉट हा इंग्रज गीतकार होता. अमेरिकेहून एका संगीतिकेत काम करायला आलेली आणि मग जर्मनीतच राहिलेली गायिका डॉना समर त्यांना इथेच भेटली. १९७५ मध्ये या तिघांच्या एका गाण्याची लांब आवृत्ती अमेरिकेतल्या कंपनीने मागितली, तेव्हा मोरोडर यांनी ते सुमारे सतरा मिनिटांचं केलं. एलपीची एक अख्खी बाजू म्हणजे एक गाणं!

पण मला सांगायचं आहे ते डॉना समर यांच्या १९७७ च्या 'आय फील लव्ह' या गाण्याबद्दल, कारण लेखकाचा सगळा रोख त्याच गाण्यावर आहे.

हे गाणं ज्या अल्बममध्ये आहे त्याची कल्पना अशी होती की एकेक गाणं एकेका जुन्या काळाच्या ढंगात करायचं आणि शेवटचं गाणं पुढच्या काळाचं. पुढच्या काळाचं म्हणजे कसं? मोरोडर यांनी ठरवलं की नेहमीचा वाद्यमेळ घ्यायचाच नाही, सगळं मूग नावाच्या सिंथेसायझरवर, म्हणजे विजेवर आवाज घडवणाऱ्या यंत्रावर करायचं. आज आमच्या कीबोर्डवर एक आकडा दाबला की हवा तो आवाज येतो. मूगचं तसं नव्हतं. पेटीएवढाले कप्पे, त्यांवर बटणांच्या रांगा, आणि एका भोकातून दुसऱ्या भोकात जाणाऱ्या वायरींचं जाळं. आवाज साठवून ठेवायची सोय नाही. आज जमलेला आवाज उद्या हवा असेल तर सगळ्या वायरी पुन्हा तशाच जोडायच्या.

आणि या यंत्राचा सूर उतरायचा! यंत्र तापलं की सूर हलायचा. म्हणून बेसची ओळ थोडी रेकॉर्ड करायची, थांबायचं, पुन्हा सूर लावायचा, पुढचा तुकडा घ्यायचा. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोळ्यांसमोर वडील आले. जुलैच्या दमट हवेत तंबोरा लावायला बसायचे. आधी खुंटी पिळायची, मग मणी कणभर सरकवायचा, मग घोडीवर तारेखाली जवारीचा दोरा नखभर पुढेमागे करायचा, कान भोपळ्यापाशी. तार बोलायला लागली की आईला हाक मारायचे, "ऐक आता." दहा मिनिटांनी हवा बदलली की पुन्हा पहिल्यापासून. म्युनिकच्या तळघरात त्या माणसांनी केलं ते याहून निराळं काय होतं?

त्यात रॉबी वेडेल हे तंत्रज्ञ होते. टेपच्या एका ट्रॅकवर ठरावीक ठोक्यांचा इशारा भरायचा आणि मूगला त्या इशाऱ्यावर चालवायचं, म्हणजे मागाहून भरलेला प्रत्येक थर आधीच्या थराशी लयीत बसतो, ही युक्ती त्यांनी मोरोडर यांना दाखवली. बेसच्या प्रत्येक सुराला त्याचाच पडसाद जोडला, म्हणून ती ओळ दुप्पट वेगाने पळतेय असं वाटतं. हेडफोन लावून ऐकलं तर मूळ सूर एका कानात आणि पडसाद दुसऱ्या कानात स्पष्ट कळतो. झांजेसारखी सळसळही मूगमधूनच काढली. पण पायाच्या ढोलाचा ठोका काही केल्या यंत्रातून हवा तसा भरीव येईना. तो कीथ फोर्सी या ड्रमरने पायाने वाजवला, गाणंभर, न हलता. ज्या गाण्याला बिनमाणसाचं म्हटलं, त्याच्या तळाशी एका माणसाचा पाय आहे. आणि सगळ्याच्या वर डॉना समर यांचा तो हलका, तरंगणारा आवाज.

त्या वर्षी इंग्लंडमध्ये हे गाणं चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. इंग्रज गायक डेव्हिड बोवी तेव्हा बर्लिनमध्ये काम करत होते. त्यांच्यासोबत काम करणारे संगीतकार ब्रायन ईनो ही तबकडी घेऊन धावत आले आणि म्हणाले की पुढच्या काळाचा आवाज सापडला, अशी आठवण बोवी यांनीच सांगून ठेवली आहे.

पुढचं बहुतेकांना ठाऊक आहे. 'मिडनाइट एक्सप्रेस' या चित्रपटाच्या पार्श्वसंगीताला ऑस्कर, मग 'फ्लॅशडान्स' आणि 'टॉप गन'मधल्या गाण्यांसाठी आणखी दोन. 'फ्लॅशडान्स'च्या गाण्याचे शब्द आयरीन कारा यांच्यासोबत लिहिले ते याच कीथ फोर्सी यांनी, आणि ऑस्कर त्यांनाही मिळालं. ज्याने वादकांना हद्दपार केलं असं आपण छापतो, त्याचा ड्रमर त्याच्याबरोबर ऑस्करपर्यंत गेला! १९९० च्या इटलीतल्या फुटबॉल विश्वचषकाच्या गाण्याची चालही मोरोडर यांचीच. २०१३ मध्ये डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीने त्यांना माइकसमोर बसवून त्यांची हकीकत त्यांच्याच तोंडून एका गाण्यात घेतली, तेव्हा ते सत्तरी ओलांडून गेले होते.

सिंथेसायझर आल्यावर अनेक वादकांची कामं गेली, हे मी नाकारत नाही. आमच्याच ऑर्केस्ट्रात एके काळी चार व्हायोलिनं होती, ती मी बसतो त्या एका कीबोर्डने खाल्ली. तो सल मला आहे. पण त्याचा राग यंत्रावर घाम गाळणाऱ्या माणसावर काढू नये. आपल्या मुंबईत चरणजित सिंग यांनी वर्षानुवर्षं सिनेसंगीतात वाजवलं. १९८२ मध्ये त्यांनी डिस्कोच्या ठेक्यावर सिंथेसायझरवर दहा राग वाजवून तबकडी काढली. ती तेव्हा फारशी कुणी घेतली नाही. २०१० मध्ये ती परदेशातून पुन्हा निघाली आणि जगभरच्या लोकांनी उचलून धरली. २०१५ मध्ये ते गेले. यंत्रापुढे तेही बसले होते. त्यांच्या हाताला बटण दाबणारा हात म्हणायचं का?

माझी विनंती एवढीच. पुढच्या एखाद्या रविवारी या विषयावर पुन्हा लिहून घ्यावं, आणि त्या लेखात गायिकेच्या नावाशेजारी बेलॉट, वेडेल, फोर्सी ही नावंही यावीत. आपल्याकडच्या गाण्यांबद्दल छापताना अरेंजर आणि रेकॉर्डिस्ट कोण, हे एका ओळीत द्यावं. तेवढी जागा पुरवणीत नक्की निघेल.

आपला,
एक वाचक, मिरज