अर्धा कप चहा देणाऱ्या पोरीला

पोरी, तुझं नाव मला ठाऊक नाही. गळ्यातलं कार्ड उलटं फिरलं होतं आणि विचारायचं राहून गेलं. म्हणून हे असं उघड्यावर लिहितोय. म्हणजे मी सांगतोय, नातू मोबाईलवर उतरवून घेतोय. एवढ्या शिकलेल्या माणसाला खरं तर अहो-जाहो करायला पाहिजे, पण तू मला काका म्हणालीस, तेव्हा आता पोरीच.

किडनीवर संशोधन करणारी तरुण मुलं कोल्हापुरात जमणार, असं कळल्यावर नातवानं मला ओढूनच आणलं होतं. भिंतीभर कागद लावलेले, सगळं इंग्रजीत. आदल्या दिवशी शनिवारचं डायलिसिस झालेलं, अंगात त्राण नव्हतं. मी आपला पंख्याखालची खुर्ची धरून बसलो. चहा आला, तू किटलीपाशी होतीस. तुझी नजर माझ्या डाव्या हातावर गेली, फिस्टुलाच्या टेंगळावर, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला जोडून घेतलेली शीर फुगते ना, त्यावर. बोलली काहीच नाहीस. कपात अर्धाच चहा ओतून माझ्या हातात दिलास. मग दुसरा कप घेतलास, त्यातही अर्धाच ओतलास आणि शेजारी बसून फुंकर मारत प्यायला लागलीस.

झालं एवढंच. पण पाच वर्षं मी मशीनवर आहे, असा चहा मला कुणी पाजला नव्हता. मला पाण्याचं दिवसाला एक लिटरचं माप, त्यात आमटी आली, गोळीबरोबरचा घोटही आला. पाहुण्यांकडं गेलं की एक म्हणणार, "घ्या ओ, कपभर चहानं काय हुतंय?" दुसरा चारचौघांत ओरडणार, "त्यास्नी देऊ नका, त्यांचं पाणी बंद हाय!" चहा नको होतो मग.

आता जरा मनातलं बोलतो. तीस वर्षं मी गुऱ्हाळावर गुळव्या होतो. काहिलीपुढं उभं राहून कंबर गेली, गुडघे गेले. दवाखान्यात जायचं, दुखण्याची गोळी घ्यायची, परत चुलवाणाकडं. वर्षानुवर्षं हेच. बीपी वाढलेलं सापडलं, तरी किडनीचं काम कळायला रक्तातलं क्रिएटिनिन बघा, लघवीतून प्रोटीन जातंय का बघा, असं एकाच्याही तोंडून निघालं नाही. तसल्या गोळ्या रोज खाल्ल्या तर किडनीला बाधतात, हे मला किडनी गेल्यावर कळलं. पाय सुजल्यावर मोठ्या डॉक्टरांकडं गेलो, तर त्यांनी फोनवर बोलता बोलताच फाईल मिटली आणि "मशीन लावावं लागेल" म्हणाले. मान वर केली नाही. काहिलीवरची नजर क्षणभर हलली तर अख्खा पाक जळतो, हे गुळव्याला कळतं. माणसाच्या बाबतीत ह्यांना कसं कळत नाही?

चहा झाल्यावर तू मला तुझ्या कागदापाशी नेलंस. त्यावर होतं, तिकडं मध्य अमेरिकेत एल साल्वाडोर, निकाराग्वात उसाच्या फडातली तरणीताठी माणसं, ना साखर ना बीपी, तरी किडन्या निकामी. आपल्याकडं आंध्रात श्रीकाकुलम जिल्ह्यातल्या उद्दानम भागातही तसंच, श्रीलंकेतल्या भातशेतीवाल्यांतही तसंच. मी विचारलं, "कशानं?" तू म्हणालीस, "उन्हातलं काम आणि पाणी कमी पडणं, असा मोठा संशय आहे काका. पण सगळीकडं तेच कारण आहे का, ते अजून नक्की कळलेलं नाही." शिकलेला माणूस इतक्या सरळ 'कळलेलं नाही' म्हणाला, की त्याच्या बाकीच्या बोलण्यावर विश्वास बसतो बघ.

मग मी माझं शहाणपण पाजळलं. म्हटलं, किडनी म्हणजे आमच्यासारखीच. उकळत्या रसात भेंडीचं पाणी घालायचं, मळी वर आली की झाऱ्यानं काढून टाकायची. तू हसलीस. "उलटं आहे काका. किडनी दिवसाला जवळजवळ 180 लिटर पाणी आधी गाळून बाजूला काढते, आणि त्यातलं कामाचं सगळं परत उचलून घेते. लघवी होते ती दीड-दोन लिटर." एवढा उपद्व्याप माझ्या पाठीत आयुष्यभर चालला होता आणि मला पत्ता नाही! तरीपण मळीची गोष्ट तू वहीत लिहून घेतलीस. चुलवाणापाशी किती तास उभं राहायचा, घाम किती यायचा, पाणी कधी प्यायचा, तेही लिहिलंस. माझ्या फाईलीत आजवर आकडेच होते, माझं बोलणं कुणी लिहून घेतलं नव्हतं. हुशार माणसं कोल्हापुरात पोत्यानं मिळतील. तुझ्यासारखी बघणारी किती, हे मला मोजता येत नाही.

तुझ्या आईबापाला माझा नमस्कार सांग.

गुऱ्हाळ आता पुतण्या बघतो. दिवाळी झाली की चुलवाण पेटतं. धग मोजायला यायचंय म्हणाली होतीस, तर ये. पोरांना पण आण. ताजी काकवी वाटीभर तुला, मला पोटॅशियमच्या पथ्यामुळं नुसता वास. चहा मात्र अर्धा-अर्धा.